पाय न टेकता : ट्रायल्स सायकलिंगमधल्या शैली आणि एकमेकांचा मान



आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. ट्रायल्स नावाचा सायकलीचा एक खेळ आहे. दगड, ओंडके, काँक्रीटचे पाइप, भिंती यांवर सायकल घेऊन चढायचं, एकावरून दुसऱ्यावर जायचं, आणि हे सगळं पाय जमिनीला न टेकता. इथे शर्यत नसते. दोन मिनिटं घाम गाळून रायडर कधी कधी जेमतेम एखाद्या अंगणाइतकं अंतर जातो. खेळाची मुख्य अट एकच, पाय टेकायचा नाही.

पण या एका अटीतून गेल्या चाळीस वर्षांत इतक्या तऱ्हा निघाल्या, की एका तऱ्हेचा रायडर दुसऱ्याला बघून विचारतो, 'हे काय चाललंय? याला ट्रायल्स म्हणायचं?' स्पर्धेतला रायडर रस्त्यावरच्याला म्हणतो, हा देखावा आहे. रस्त्यावरचा स्पर्धेतल्याला म्हणतो, हे जागच्या जागी उड्या मारणं आहे. मग कोणीतरी मध्यस्थ पुढे येतो आणि म्हणतो, 'अरे, भांडता कशाला? ज्याची त्याची शैली. सगळ्यांचा आदर करा.'

आज आपण या तिसऱ्या माणसाची जरा झडती घेणार आहोत. त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं नाही. पण ते फार स्वस्तात मिळालेलं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याच्या शैलीचा मान ठेवायचा, तर त्याला नेमकं काय अवघड गेलं हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे. ते ओळखता येत नसेल तर 'ज्याची त्याची शैली' हे वाक्य तोंडदेखलं राहतं. आणि ओळखता येत असेल तर टीका करण्याचाही अधिकार येतो. हे तपासायला आपण काही फिल्म्स बघू, एक-दोन नियम बघू. पण आधी थोडा इतिहास, कारण शैली कुठून आल्या हे कळल्याशिवाय त्यांचं भांडण कळत नाही.

सायकल ट्रायल्स हे मोटरसायकल ट्रायल्सचं अपत्य. ओढ्यातून, खडकांतून मोटरसायकल न्यायची आणि पाय टेकला की दंडाचा गुण, ही परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल, 'स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल', विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची. सायकलीवर हा खेळ नीट उभा राहिला तो मात्र स्पेनमध्ये, कॅटलोनियात. पेरे पी हा तिथला मोटरसायकल रायडर, माँटेसा कंपनीशी जोडलेला. त्याने आपल्या मुलासाठी, ओत पीसाठी, इंजिन नसलेली ट्रायल्सची गाडी आणली. या खेळाला तिकडे 'ट्रायलसिन' म्हणू लागले. स्पॅनिशमध्ये 'सिन' म्हणजे 'विना'. इंजिनाविना ट्रायल. पुढे 'माँटी' या नावाने या सायकली जगभर गेल्या आणि ओत पी स्वतः जगज्जेता झाला. १९८६ पासून जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. महिलांचा गट २००१ मध्ये आला.

म्हणजे बघा, जन्मापासूनच हा खेळ पंचाच्या नजरेखाली वाढला. कोणीतरी आखून दिलेला टापू, त्याला सेक्शन म्हणतात, बाणांच्या खुणा, घड्याळ आणि दंड. ही पहिली शैली. तिला आपण स्पर्धेची शैली म्हणू.

आता ही शैली शरीराच्या पातळीवर काय मागते ते पाहू. साइडहॉप नावाची उडी घ्या. रायडर भिंतीच्या शेजारी, भिंतीला समांतर, फक्त मागच्या चाकावर उभा आहे. पुढचं चाक हवेत. मागचा ब्रेक घट्ट आवळलेला. तो गुडघ्यांत बसतो, टायर दबतो, मग अंग सरळ होतं, हँडल कमरेपाशी ओढलं जातं, आणि अगदी शेवटच्या क्षणी तो सायकल आपल्या अंगाखाली वर खेचून घेतो. उतरताना मागचं चाक भिंतीच्या माथ्यावर, ब्रेक पुन्हा आवळलेला, आणि तोल तिथल्या तिथे पकडायचा. भिंत त्याच्या कमरेएवढी असते, अव्वल रायडरसाठी त्याहून बरीच उंच. धाव घ्यायला जागा नाही. जे काही बळ आहे ते उभ्या जागेवरून.

दोन दगडांमधली फट ओलांडायची असेल तर ब्रेक क्षणभर सोडायचा, पेडलला एक छोटा झटका, आणि पलीकडे चाक टेकताच ब्रेक परत बंद. ब्रेक किंचित घसरला तरी माणूस पाठीवर. म्हणून हे रायडर ग्राइंडर घेऊन चाकाची रिम खरखरीत करतात, म्हणजे ब्रेकचं रबर तिला चावेल. स्पर्धेच्या मैदानावर जो कर्कश किंचाळल्यासारखा आवाज येतो तो त्याचा. सायकलीला सीट नाही, कारण बसायचंच नाही. गिअर एकच, आणि तोही हलका. फ्रीव्हील बहुधा मागच्या चाकात नसून पुढे क्रँकपाशी. नवख्या माणसाला ही सायकल अर्धवट जोडलेली वाटते. पण तिचा प्रत्येक भाग वर सांगितलेल्या त्या एका झटक्यासाठी आहे.

आणि या स्पर्धेच्या शैलीच्या पोटातही दोन शैली आहेत. वीस इंची चाकाची सायकल आणि सव्वीस इंची चाकाची. वीस इंची सायकल आटोपशीर, अंगाखाली चटकन गोळा करता येते. पण छोटं चाक कडेला अडतं, म्हणून ते पूर्ण उचलावं लागतं. सव्वीस इंची चाक कडेवर पोचतं, अडकवता येतं, त्यावरून वर रांगता येतं. पण ते मोठं चाक अंगाखाली घ्यायला जागा कमी पडते. स्पेनचा बेनिटो रोस वर्षानुवर्षं वीस इंचीत जगज्जेता राहिला. सव्वीस इंचीत फ्रान्सचा जिल कुस्तेलिए, बेल्जियमचा केनी बेलाए ही नावं. एकाच खडकावर या दोन गटांचे रायडर चढताना पाहिले तर वाटा वेगळ्या दिसतात. दोन्हींत 'जास्त खरी' कोणती, हा प्रश्नच उरत नाही. चाक बदललं की अडचण बदलते, आणि अडचण बदलली की उत्तर बदलतं. एवढं जर कळलं, तर पुढचं भांडण सोडवायला आपल्या हातात एक किल्ली आली.

आता दुसऱ्या शैलीकडे येऊ. एप्रिल २००९ मध्ये इंटरनेटवर एक साडेपाच मिनिटांच्या आसपासची फिल्म आली. नाव 'इन्स्पायर्ड बायसिकल्स'. रायडर डॅनी मॅकॅस्किल, स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा, तेव्हा एडिंबरामध्ये सायकलीच्या दुकानात मेकॅनिक. चित्रण त्याच्या मित्राचं, डेव्ह सॉवरबीचं. ती आजवर तीन कोटींहून अधिक वेळा पाहिली गेली आहे. ट्रायल्सचं नावही न ऐकलेल्या लोकांनी ती एकमेकांना पाठवली.

या फिल्मकडे आपण जरा समीक्षकाच्या नजरेने पाहू. सुरुवातीलाच तो टोकदार गजांच्या लोखंडी कुंपणाच्या माथ्यावरून सायकल नेण्याचा प्रयत्न करतो, आणि फसतो. पुन्हा प्रयत्न, पुन्हा फसतो. मग ते जमतं. या क्रमाला महत्त्व आहे. स्पर्धेत रायडरला एकच संधी असते आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. फिल्ममध्ये किती प्रयत्न झाले हे लपवता येतं. सॉवरबी आणि मॅकॅस्किल यांनी ते लपवलं नाही, उलट तिथूनच सुरुवात केली. त्या पडण्यांमुळे पुढचं सगळं आपण वेगळ्या विश्वासाने पाहतो.

दुसरी गोष्ट, सायकल. तिची चाकं चोवीस इंची, आणि तिला सीट आहे. ती बसण्यासाठी फारशी वापरली जात नाही, पण तिच्यामुळे ती लोकांना आपली सायकल वाटते. हालचालींत ट्रायल्स आहेच, पण बीएमएक्सचंही पुष्कळ आहे. गिरक्या आहेत, उंच जागेवरून उतरून वेग न तोडता पुढे जाणं आहे, झाडाच्या बुंध्यावर चाक लावून घेतलेली उलटी कोलांटी आहे. स्पर्धेतला रायडर उडीनंतर थांबतो, तोल सावरतो, दोन-चार छोट्या उड्या मारून पुढची जागा बघतो. मॅकॅस्किल थांबत नाही. एका अडथळ्यातून मिळालेला वेग तो पुढच्यासाठी वापरतो. शैलीचा खरा फरक इथे आहे. स्पर्धेची शैली प्रत्येक अडथळा सुटा करून सोडवते. रस्त्याची शैली अडथळ्यांमधल्या जागेलाही खेळाचा भाग मानते.

आणि तिसरी गोष्ट, जागा. ती कोणी आखून दिलेली नव्हती. शहरातली कुंपणं, पायऱ्या, कठडे. तिथे कुठे काय शक्य आहे हे आधी दिसावं लागतं. स्पर्धेत हे दिसण्याचं अर्धं काम सेक्शन बांधणाऱ्याने केलेलं असतं.

मग दोन्ही बाजूंनी बोलणी सुरू झाली. ट्रायल्सवाल्यांच्या बोलीत एक चिडवण्याचा शब्द आहे, 'टीजीएस'. टॅप, गॅप, साइडहॉप या तीन चालींची आद्याक्षरं. म्हणजे ज्याला या तीनच गोष्टी येतात आणि तो दिवसभर त्याच करत बसतो. रस्त्यावरच्या रायडरांनी स्पर्धेवाल्यांना हे चिकटवलं. उलट बाजूचं म्हणणं असं की, घड्याळ नाही, पंच नाही, जागा स्वतः निवडायची, हवे तितके प्रयत्न करायचे, आणि शेवटी चांगलं तेवढं दाखवायचं. याला मोजायचं कशाने?

आमच्या मते दोन्ही टोमण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच ते ऐकण्यासारखे आहेत. स्पर्धेच्या शैलीत थांबून उड्या मारण्याची सवय लागते हे खरं. रस्त्याच्या शैलीत अपयश लपतं हेही खरं. पण 'टीजीएस' म्हणणाऱ्याला हे दिसत नाही की त्या छोट्या उड्यांतच तो रायडर अनोळखी खडक पहिल्याच प्रयत्नात सोडवण्याची तयारी करत असतो. आणि 'देखावा' म्हणणाऱ्याला हे दिसत नाही की शंभर प्रयत्नांचं कुंपण हे शंभर वेळा गजांवर पडण्याची जोखीम घेऊन केलेलं असतं. दोघांनी एकमेकांची मोकळीक मोजली, बंधन मोजलं नाही. दुसऱ्याला कुठे सूट आहे हे चटकन दिसतं. त्याला कुठे सूट नाही हे पाहायला त्याच्या जागी उभं राहावं लागतं.

इथे आपल्याकडच्या श्रोत्याला घराण्यांची आठवण होणं साहजिक आहे. किराण्याची सावकाश स्वरबढत आणि आग्र्याची लयकारी, दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या, आणि एकाच्या कसोटीने दुसऱ्याला नापास करणं सोपं. तुलना इथपर्यंत चालते. पुढे मात्र ती सोडून द्यावी लागते, कारण ट्रायल्समध्ये शैली गुरूकडून कमी आणि चाकाच्या मापातून, जमिनीतून आणि नियमांतून जास्त येते.

नियमांचंच बघा. मोटरसायकल ट्रायल्सच्या जागतिक अजिंक्यपदात २०१३ मध्ये 'नॉन-स्टॉप'चा नियम परत आणला गेला. सेक्शनमध्ये गाडी थांबली की दंड. त्याआधी रायडर थांबून, तोल धरून, जागच्या जागी गाडी उचलून दिशा बदलत. एका नियमाने ही सगळी कसरत दंडपात्र झाली. मोठा वाद झाला. एक बाजू म्हणाली, खेळ मुळाशी परत आला. दुसरी म्हणाली, खेळाचं सगळ्यात कठीण अंगच कापलं. या वादात एक माणूस मात्र दोन्हीकडे जिंकत राहिला, कॅटलोनियाचा टोनी बो. २००७ पासून तो जगज्जेता आहे, नियम बदलण्याआधीही आणि नंतरही. आणि तो लहानपणी आला सायकल ट्रायल्समधून. थांबून केलेल्या त्या उड्या त्याच्या अंगात सायकलीने भरल्या होत्या.

सायकल ट्रायल्सनेही अलीकडच्या वर्षांत गुणांची पद्धत फिरवली. पूर्वी चुका मोजायचे, कमीत कमी दंड ज्याचा तो जिंकला. आता सेक्शनमध्ये सहा टप्पे आणि प्रत्येक पार केला की दहा गुण. वरवर हिशेबाचा बदल, पण मनाचा बदल मोठा. चुकू नको म्हणणाऱ्या खेळापेक्षा, जितकं पार कराल तितकं तुमचं, असं म्हणणाऱ्या खेळात माणूस वेगळा खेळतो. तेव्हा 'खरी ट्रायल्स कोणती' असं कोणी ठासून सांगू लागला तर त्याला विचारावं, कोणत्या सालच्या नियमाने?

आता अवघड भाग. मान ठेवायचा म्हणजे सगळ्याला छान म्हणायचं का? आमचं उत्तर, नाही. मॅकॅस्किलच्याच पुढच्या फिल्म्स घेऊ. २०१३ ची 'इमॅजिनेट'. ग्लासगोमध्ये आत, छपराखाली, एका मुलाच्या खेळण्यांचं जग प्रचंड आकारात उभारलं होतं. गोल वळसा, पत्ते, रणगाडा. फार देखणी फिल्म. कौशल्य आधीपेक्षा वाढलेलं. पण स्पर्धेच्या रायडराची नजर उसनी घेतली तर एक उणीव दिसते. 'इन्स्पायर्ड बायसिकल्स'मधलं कुंपण सायकलीसाठी बांधलेलं नव्हतं. 'इमॅजिनेट'मधली प्रत्येक वस्तू सायकलीसाठीच बांधलेली आहे. म्हणजे मॅकॅस्किल पुन्हा सेक्शनमध्येच आला, फक्त तो त्याने स्वतः बांधला, आणि त्यात घड्याळ आणि पंच ठेवले नाहीत. जागा शोधण्याची जी त्याची खास ताकद होती, तिला इथे काम उरलं नाही.

त्यानंतरची २०१४ ची 'द रिज'. स्काय बेटावरच्या कुलिन डोंगरांच्या धारेवरून सायकल. काही ठिकाणी सायकल खांद्यावर टाकून कडा चढावा लागतो. निव्वळ तंत्र पाहिलं तर यातला बराच भाग चांगल्या स्पर्धा-रायडरला अशक्य वाटणार नाही. धारेवरचं ते अंतर त्याने सेक्शनमध्ये झोपेतही पार केलं असतं. पण खाली दोन्ही बाजूंना दरी असताना तेच अंतर पार करणं ही वेगळी परीक्षा आहे, तोलापेक्षा मनाची. आणि जागा इथे पुन्हा त्याची आहे, जन्मगावची. आम्हाला 'द रिज' ही 'इमॅजिनेट'पेक्षा चांगली फिल्म वाटते, आणि ती दोन्हीकडच्या कसोट्या लावून वाटते. रस्त्याच्या रायडराची कसोटी, जागा सापडली का? स्पर्धेच्या रायडराची कसोटी, चुकलो तर किंमत आहे का? 'द रिज' दोन्हींना उत्तर देते.

उलट दिशेचं उदाहरण केनी बेलाए. अनेकदा जगज्जेता झालेला, सगळं आयुष्य सेक्शनमध्ये घालवलेला माणूस. २०१५ मध्ये त्याने फ्रेंच आल्प्समध्ये, ला प्लान्य इथे, दोन कड्यांमध्ये ताणलेल्या स्लॅकलाइनच्या पट्ट्यावरून सायकल नेली. तिथे ना गिरकी, ना वेग. पट्ट्यावर चाक ठेवायचं आणि आडवं डोलू न देता न्यायचं. ज्या बारीक तोलाला 'जागच्या जागी उड्या' म्हणून हसलं गेलं, तोच तोल तिथे त्याला पलीकडे घेऊन गेला.

आता ज्या प्रकरणासाठी हा विषय निवडला तिकडे येऊ. मार्टिन अ‍ॅश्टन. ब्रिटनचा ट्रायल्स रायडर, १९७४ चा जन्म, स्पर्धांत राष्ट्रीय विजेता राहिलेला, नंतर गावोगाव प्रात्यक्षिकं करणारा. २०१२ मध्ये त्याची 'रोड बाइक पार्टी' ही फिल्म आली. कल्पना साधी. कार्बनची, शर्यतीची, दहा हजार पौंडांच्या घरातली पिनारेलो रोड सायकल घ्यायची आणि तिच्यावर ट्रायल्स करायची. ज्यांनी रोड सायकल चालवली आहे त्यांना यातली गंमत आणि धास्ती दोन्ही लगेच कळेल. वाकडं हँडल, बारीक टायर, त्यात हवेचा दाब भरपूर, म्हणजे दबून उडी घ्यायला टायरची मदत जवळजवळ नाहीच. सीट उंच, मध्ये येणारी. ट्रायल्सच्या सायकलीने जे जे रायडरला आयतं दिलेलं असतं ते सगळं अ‍ॅश्टनने स्वतःहून काढून टाकलं.

शैलीच्या चर्चेत ही फिल्म फार मोलाची आहे. हत्यार काढून घेतलं की कारागिराच्या हातात किती आहे ते कळतं. आणि त्यात एक सौजन्यही आहे. तो रोड सायकलवाल्यांची थट्टा करतो, पण त्यांची सायकल किती समर्थ आहे हे त्यांना दाखवूनही देतो. दुसऱ्या जमातीच्या वस्तूची इतकी बारकाईने घेतलेली दखल म्हणजेच मान, असं आम्ही म्हणू.

२०१३ मध्ये तो दुसरा भाग करत होता. काही चित्रण झालेलं होतं. सप्टेंबरमध्ये सिल्व्हरस्टोनला, मोटरसायकल शर्यतीच्या वेळी, एका प्रात्यक्षिकात तो उंचावरून पाठीवर पडला. मणक्याला इजा झाली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. जिच्यावर हा सगळा खेळ उभा आहे ती गोष्ट, पायांनी दाबून सायकल उचलणं, त्याच्यासाठी संपली.

फिल्म अर्धवट. आता काय करायचं? आहे तेवढी दाखवून श्रद्धांजलीसारखी पाटी लावता आली असती. टाकूनही देता आली असती. तसं झालं नाही. दोन रायडरांनी ती पुरी केली, क्रिस अ‍ॅक्रिग आणि डॅनी मॅकॅस्किल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'रोड बाइक पार्टी २' आली.

या दोघांची निवड पाहा. अ‍ॅक्रिग यॉर्कशायरचा, ट्रायल्समधूनच आलेला, पण त्याची खासियत माळरान, खाणी, ओबडधोबड खडक. जमीन जशी आहे तशी वाचत जाणारा. 'अ हिल इन स्पेन' ही त्याची फिल्म नावाप्रमाणेच आहे, एक डोंगर आणि त्यातून काढलेली वाट. मॅकॅस्किल रस्त्याचा, हवेतला, वेगाचा. आणि अ‍ॅश्टन स्पर्धा आणि प्रात्यक्षिकांच्या मुशीतला, नेमका, प्रेक्षकाला ओळखणारा. तीन माणसं, तीन तऱ्हा, फिल्म एक.

परक्या कामात स्वतःची शैली आणायची की त्याची नक्कल करायची, हा कोणत्याही कलेतला अडचणीचा प्रश्न. या दोघांनी चौकट अ‍ॅश्टनची ठेवली. सायकल रोडचीच, अडचण तीच, गंमत करण्याची वृत्ती तीच. त्या चौकटीत मात्र ते आपापल्यासारखेच चालवतात. अ‍ॅक्रिग अ‍ॅश्टन होण्याचा प्रयत्न करत नाही, मॅकॅस्किलही नाही. म्हणून फिल्म पाहताना तिघे वेगळे ओळखू येतात, आणि अ‍ॅश्टनचा भाग इतरांच्या भागाखाली दबत नाही. तो आजारी माणसाचा भाग म्हणून दयेने ठेवलेला वाटत नाही. तो त्या फिल्मचा पाया आहे आणि पाया म्हणूनच दिसतो.

एक आक्षेप इथे घेता येईल. तीन हात लागल्यामुळे पहिल्या फिल्मचा एकसंध बाज दुसरीत राहिलेला नाही. तिथे एका माणसाचा विनोद मिनिटामिनिटाला वाढत जात होता, इथे तो सोडून फिल्म अधिकाधिक अवघड करामतींकडे जाते. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पण ती फूट खरी आहे. काम मध्येच तुटलं होतं, आणि तो सांधा पूर्ण लपवला असता तर ते खोटं ठरलं असतं.

यानंतर २०१५ मध्ये 'बॅक ऑन ट्रॅक' आली. अ‍ॅश्टन पुन्हा माउंटन बाइकवर. त्याच्यासाठी आसन बदललेलं, पाय बांधलेले, वेल्समधल्या डोंगरवाटा, आणि सोबत मॅकॅस्किल, अ‍ॅक्रिग हे मित्र. करामती म्हणून पाहिलं तर त्यात काही फार नाही. उतारावरून जाणारी एक सायकल. पण या खेळाचा नियम आठवा. पाय टेकायचा नाही. आता अ‍ॅश्टनला पाय टेकता येतच नाही. दोन चाकांची सायकल, निघताना कोणीतरी ढकलायला हवं, थांबताना कोणीतरी धरायला हवं. जे मित्र एरवी आपापल्या शैलीचे बादशहा, ते इथे त्याच्या मागे धावतात आणि शेवटी त्याला सावरतात. ट्रायल्समध्ये तोल जाण्याची भीती प्रत्येकाला रोजची. तो गेला की काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणून त्यांचं ते धरणं आम्हाला उपकाराचं वाटत नाही. ते जाणकाराचं धरणं आहे.

आता हे सगळं एकत्र बांधू. एकमेकांचा मान म्हणजे काय, याच्या तीन खुणा या उदाहरणांतून हाती लागतात. पहिली, दुसऱ्याचं हत्यार हातात घेऊन पाहणं. अ‍ॅश्टनने रोड सायकल घेतली, बेलाए पट्ट्यावर गेला. दुसरी, त्याला काय अवघड गेलं ते नेमकं सांगता येणं. 'भारी आहे' एवढं पुरत नाही. तिसरी, त्याची चौकट न मोडता तिच्यात स्वतःचं घालता येणं. यातलं काहीही शैली पुसून सगळ्यांना एकसारखं करत नाही. उलट शैली जितकी ठसठशीत, तितकी देवाणघेवाण सोपी.

एक छोटी गोष्ट महिलांच्या गटाबद्दल. स्वित्झर्लंडची कारिन मूर सुरुवातीच्या वर्षांत वारंवार जगज्जेती झाली, पुढे जर्मनीची नीना रायशेनबाख, स्पेनची व्हेरा बारोन. त्यांच्याबद्दल 'बायकांच्या मानाने छान' असं बोललं जातं तेव्हा तो आदराचा नमुना नसून न पाहण्याचा नमुना असतो. अंगातलं बळ कमी पडतं तिथे वाट निवडण्याचं आणि क्षण साधण्याचं कौशल्य किती लागतं, हे पाहायचं असेल तर हा गट मुद्दाम पाहावा. जागतिक स्पर्धेत सांघिक प्रकार असतो, त्यात वेगवेगळ्या गटांच्या रायडरांचे गुण एका बेरजेत जातात. बेरीज करताना कागद भेद करत नाही. बघणाऱ्यानेही करू नये.

हे नुसतं सौजन्याचं प्रकरण नाही हेही लक्षात घ्या. फिल्मला कोट्यवधी प्रेक्षक आहेत आणि प्रायोजक आहेत. स्पर्धेला त्या मानाने फार थोडे. एखादा पोरगा आज सायकल हातात घेतो तेव्हा त्याला काय शिकण्यासारखं वाटेल हे यावरून ठरतं. सगळे फिल्मकडे गेले तर पहिल्याच प्रयत्नात अनोळखी खडक सोडवण्याची विद्या क्षीण होईल. सगळे सेक्शनमध्ये राहिले तर शहरातलं कुंपण कोणाला दिसणार नाही. मॅकॅस्किलची मागच्या चाकावरची पकड स्पर्धेच्या ट्रायल्सने घडवलेल्या तंत्रातून आली, आणि स्पर्धेकडे आज जो नवा प्रेक्षक वळतो तो बहुधा कुठल्यातरी फिल्ममधून येतो. दोन्ही बाजू एकमेकांचं देणं लागतात. देणं मान्य केलं की टोमणेही मारता येतात, आणि ते खेळीमेळीत घेतलेही जातात.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. जागतिक स्पर्धेची एखादी अंतिम फेरी पाहा, सगळी, कंटाळा आला तरी. आणि लगेच 'रोड बाइक पार्टी २' पाहा. पाहताना प्रत्येक रायडरबद्दल एकच प्रश्न विचारा, याला या क्षणी काय करायची मुभा नाही? उत्तर मिळालं की त्याची शैली दिसायला लागेल.

आता प्रश्न घेऊ.